वधूवर नोंदणी ऑनलाइन नेताना: कुलूप कुठे, किल्ली कुठे आणि दारात कोण?

रामबागकर (धागाकर्ता, इंदूर)

मंडळाची वधूवर नोंदणी वहीतून वेबसाइटवर न्यायची म्हटली की कार्यकारिणीत कोणीतरी विचारतंच, "डेटा एन्क्रिप्ट आहे ना?" मग साइट बनवणारा ब्राउझरमधलं छोटं कुलूप दाखवतो आणि विषय मिटतो. ते कुलूप खोटं नाही, पण ते फक्त वाटेपुरतं आहे. सभासदाच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत मजकूर कोणी वाचू नये, एवढीच त्याची हमी. सर्व्हरवर पोहोचल्यावर तो उघडा पडलाय की झाकून ठेवलाय, याच्याशी त्या कुलपाचा काही संबंध नाही.

नोंदीत काय काय असतं ते एकदा मोजून बघा: नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, पगार, मोबाइल, पत्ता, दोन फोटो, कधी आधारची प्रतही. बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मवेळ कशी बदलणार? म्हणून हा विषय पायापासून मांडतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

सुरुवातीला तीन शब्द वेगळे करू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एन्कोडिंग म्हणजे मोडी. होळकरांच्या दप्तरातला कागद मोडी न येणाऱ्याला गूढ वाटतो, पण ज्याला मोडी येते तो घडाघडा वाचतो. त्याला कुठली किल्ली लागत नाही. बेस-६४ (कुठलाही मजकूर साध्या ६४ अक्षरांत लिहायची रीत) हे तसंच आहे. डेटाबेसमध्ये अगम्य अक्षरांची रांग दिसली म्हणून ते एन्क्रिप्शन ठरत नाही.

एन्क्रिप्शनला किल्ली लागते, आणि सगळी सुरक्षा त्या किल्लीत असते. पद्धत जगजाहीर असली तरी चालली पाहिजे, हे ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३ सालीच लिहून ठेवलंय. आज ज्यावर सगळे विसंबतात त्या एईएसची रचना २००१ पासून प्रमाण म्हणून छापलेली आहे, कोणीही वाचावी. त्याआधीच्या डीईएसची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ साली त्यासाठी खास बांधलेल्या यंत्राने ती सुमारे ५६ तासांत शोधून काढली. एईएसची किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची असते. एकेक बिट वाढला की शोधायच्या किल्ल्या दुप्पट होतात, म्हणून ५६ वरून १२८ ही उडी कागदावर दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे.

हॅशिंगला परतीची वाटच नाही. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तोच गहू पुन्हा दळून तेच पीठ आलं का, एवढंच ताडता येतं.

यातून नियम सरळ निघतो. जे कधीतरी परत वाचायचंय (मोबाइल, पत्ता) ते एन्क्रिप्ट करा. जे फक्त ताडून पाहायचंय (पासवर्ड) ते हॅश करा. "पासवर्ड विसरलात?" वर दाबल्यावर जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलमध्ये आला, तर ती साइट हा नियम मोडतेय हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

---

सुदामानगर (इंदूर)

चांगला धागा. हॅशच्या बाबतीत एक गोष्ट ठळक करायला हवी. "हॅश करा" एवढंच सांगितलं की लोक एमडी-५ किंवा एसएचए-२५६ लावून मोकळे होतात. एमडी-५ मध्ये २००४ पासून दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश काढून दाखवता येतो. पण पासवर्डापुरतं बोलायचं तर दोष त्याहून साधा आहे: हे दोन्ही फार वेगवान आहेत. गेमिंगचं ग्राफिक कार्ड सेकंदाला अब्जावधी एसएचए-२५६ काढतं. यादी चोरीला गेली की चोर घरी बसून दळत राहतो.

पासवर्डासाठी मुद्दाम संथ हॅश हवा. अर्गॉन२ ची आयडी नावाची जात घ्या: १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या, १ थ्रेड, हे किमान. सर्व्हर दमदार असेल तर वाढवा. ते नसेल तर बीक्रिप्ट, खर्च किमान १०, जमल्यास १२. हा आकडा दोनाचा घातांक आहे, म्हणजे १० चे १२ केले की काम चौपट. लॉगिनला अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर येईल इतपत चढवत न्या.

सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळायची वेगळी यादृच्छिक चिमूट, अर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट स्वतःच घालतं आणि हॅशच्या ओळीतच ठेवतं. त्यासाठी वेगळा रकाना करू नका. सगळ्यांना मिळून एकच सॉल्ट तर मुळीच नको. तसं केलं की एकाच पासवर्डाच्या दोघांचे हॅश सारखे दिसतात.

नेहमी दिसणारी एक चूक: बीक्रिप्टचं उत्तर ६० अक्षरांचं असतं आणि रकाना ५० चा केलेला असतो. डेटाबेस कडक मोडमध्ये नसेल तर शेपूट गुपचूप कापलं जातं, नोंदणी यशस्वी दिसते आणि नंतर एकालाही लॉगिन होत नाही. रकाना २५५ चा ठेवा. उद्या पद्धत बदलली तरी पुरेल.

---

वर्गणीवही (इंदूर)

पासवर्ड देवनागरीत ठेवू द्यावा का? ज्येष्ठ सभासदांना इंग्रजी कीबोर्डचा वैताग येतो.

---

दांडियाबाजार (बडोदा)

@वर्गणीवही, जरूर ठेवू द्यावा, पण त्यात तीन खाचखळगे आहेत. इंग्रजी मार्गदर्शनात ते सापडत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला, लांबीचा. बीक्रिप्ट पासवर्डाचे पहिले ७२ बाइट बघतं. पुढचं बऱ्याच ठिकाणी काही न सांगता सोडून दिलं जातं. इंग्रजी अक्षर १ बाइटाचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. "वऱ्हाडी" हा शब्द डोळ्यांना छोटासा दिसतो, पण त्यात व, ऱ, हलन्त, ह, काना, ड, वेलांटी अशी ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. एकूण २४ चिन्हांत ७२ बाइट भरतात. कोणी ओवीची अख्खी ओळ पासवर्ड म्हणून ठेवली तर त्यातले जेमतेम पहिले तीन-चार शब्दच मोजले जातील, आणि ओळ त्यापुढे चुकली तरी लॉगिन होईल. उपाय म्हणजे अर्गॉन२, त्याला ही मर्यादा नाही. बीक्रिप्टच ठेवायचं असेल तर आधी सर्व्हरवरच्या गुप्त किल्लीने एचमॅक-एसएचए-२५६ (किल्ली मिसळून काढलेला हॅश) काढा, ते बेस-६४ करा (४४ अक्षरं होतात) आणि ते बीक्रिप्टला द्या. कच्चे बाइट देऊ नका. मध्ये शून्य बाइट आला की बऱ्याच बीक्रिप्ट लायब्ररी तिथेच थांबतात किंवा चूक दाखवतात.

दुसरा, एकाच अक्षराच्या दोन घडणी. "ऱ" हे एक चिन्ह म्हणून साठवता येतं, आणि र अधिक नुक्ता असंही. दिसायला दोन्ही सारखे, बाइट वेगळे, म्हणून हॅशही वेगळा. फोनवर नोंदणी केली आणि कॉम्प्युटरवरून लॉगिन होईना, असं झालं की आधी इथे बघा. हॅश करण्याआधी युनिकोडचं एनएफसी रूप करून घ्या, त्यात या दोन घडणी एक होतात.

तिसरा सगळ्यात छुपा. ऱ्हा, ऱ्या मधला अर्धा र काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून काढतात. एनएफसी हा जोडक काढत नाही आणि साध्या र चा ऱ करत नाही. त्यामुळे र-हलन्त-जोडक या क्रमाच्या जागी ऱ-हलन्त घाला आणि उरलेले अदृश्य जोडक-तोडक काढून टाका. हे नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड बदल, तिन्ही ठिकाणी एकाच फंक्शनमधून झालं पाहिजे. एका जागी राहिलं तर "वऱ्हाडी" लिहिणारा माणूस कायमचा बाहेर.

---

वर्गणीवही (इंदूर)

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद, दादा. पुढचा प्रश्न: पासवर्डच नको, मोबाइलवर ओटीपी पाठवू, असा कार्यकारिणीचा कल आहे. चालेल?

---

लष्करवासी (ग्वाल्हेर)

चालेल, पण हिशेब करून.

४ आकडी ओटीपी म्हणजे १०,००० शक्यता. प्रयत्नांना मर्यादा नसेल आणि एखादी स्क्रिप्ट सेकंदाला १० प्रयत्न करत असेल तर १,००० सेकंदांत, म्हणजे १७ मिनिटांच्या आत सगळे आकडे संपतात. ६ आकडी केला की १० लाख शक्यता. तरी खरी ताकद मर्यादेत आहे: ५ चुका झाल्या की तो ओटीपी रद्द, नवा मागवायला लावा, आणि नवा मागण्यावरही तासाला मर्यादा. ती मर्यादा आयपी पत्त्यावर टांगू नका. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे असतात, त्यामुळे निरपराध अडकतात आणि हल्लेखोर आयपी बदलून पुढे जातो. मोजणी मोबाइल क्रमांकावर ठेवा, आयपीवर त्याच्या जोडीला एक सैलसर मर्यादा.

मुदत ५ मिनिटं, वापर एकदाच. ओटीपी सर्व्हरच्या उत्तरात ब्राउझरकडे पाठवून तिथेच ताडून पाहणारा कोड अजूनही नव्या साइटींत दिसतो. ते म्हणजे प्रश्नपत्रिकेला उत्तरपत्रिका टाचून देणं.

एसएमएसच्या मुळातल्या दोन उणिवा ध्यानात असू द्या. सिम दुसऱ्याच्या नावे काढून घेतलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि फोन करून "आलेला आकडा सांगा" म्हटलं की माणसं सांगतात. एसएमएस पाठवायला ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या संदेश-नोंदणी व्यवस्थेवर) संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. नोंदलेल्या साच्यात एक शब्द बदलला तरी संदेश अडतो. सुरू करायच्या दिवशी "ओटीपी येतच नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

सभासदांसाठी एसएमएस पुरे. पण ज्या चार-पाच जणांना सगळी यादी दिसते, त्यांना पासवर्ड आणि त्यावर ऑथेंटिकेटर ॲप सक्तीचं करा. ॲपमधला आकडा ठरलेलं गुपित आणि घड्याळ यांतून निघतो: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद भागिले ३०, त्यावर एचमॅक, त्यातून ६ आकडे. म्हणून त्याला नेटवर्क लागत नाही. आणि म्हणूनच सर्व्हरचं घड्याळ दीड-दोन मिनिटं चुकलं की सगळे आकडे चूक ठरतात. एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) चालू ठेवा, मागची-पुढची ३० सेकंदांची एकेक खिडकी मान्य करा, त्याहून जास्त नको. हे गुपित हॅश करता येत नाही, सर्व्हरला ते दर वेळी वाचावं लागतं. तेव्हा ते एन्क्रिप्ट करून ठेवा.

---

शिप्राकाठ (इंदूर)

पासकी (पासवर्डाऐवजी फोनमधल्या किल्लीने लॉगिन) शक्य असेल तर कार्यकारिणीसाठी तीच घ्या, असं मी ठासून सांगेन. खाजगी किल्ली फोनमध्ये किंवा त्याच्या किल्ली-साठ्यात राहते, सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक किल्ली असते. शिवाय लॉगिनला त्या किल्लीने होणारी सही त्या साइटच्या नावाशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणारी बनावट साइट समोर आली तरी नाव जुळत नाही आणि सही होत नाही. ओटीपीच्या आकड्याला हे कळत नाही, तो कुठेही टाइप होतो.

दुसरं, लॉगिनच्या पानावर "हा क्रमांक नोंदलेला नाही" असं लिहू नका. इतर साइटवर ही बारीक गोष्ट असेल. इथे मात्र शेजारणीने कोणाचाही नंबर घालून पाहिला तर त्या घरातल्या मुलीचं नाव वधूवर यादीत आहे की नाही हे तिला तिथेच कळतं. दोन्ही वेळी एकच वाक्य दाखवा: "क्रमांक नोंदलेला असल्यास ओटीपी पाठवला आहे." पासवर्डाच्या लॉगिनमध्ये खातं सापडलं नाही तरी एक खोटा हॅश काढा. नाहीतर उत्तर चटकन आलं यावरूनही माणूस ओळखतो.

---

सुदामानगर (इंदूर)

सगळे किल्ल्यांवर बोलतायत, पण माझ्या मते अशा साइटवरची मोठी गळती कुलूप तोडून होत नाही, उघड्या दारातून होते. लॉगिन म्हणजे "तू कोण", आणि परवानगी म्हणजे "तुला हे बघायची मुभा आहे का". हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा विचारायचं राहून जातं.

साइट उघडी करण्याआधी एवढं करून बघा. एका खात्याने लॉगिन करा, स्वतःची नोंद उघडा, ब्राउझरच्या पत्त्यातला ४१२ हा क्रमांक ४१३ करा. दुसऱ्याचा पगार आणि पत्ता दिसला तर तुमचं एईएस-२५६ निरुपयोगी आहे, कारण सर्व्हरने तो मजकूर आपणहून उलगडून दिला. प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर तपासणी हवी. बटण लपवणं ही तपासणी नव्हे.

मग फोटोचा थेट पत्ता लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये टाका. फोटो दिसतोच बहुतेक, कारण अपलोडचा फोल्डर सार्वजनिक असतो. फोटो वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा आणि परवानगी तपासणाऱ्या कोडमधूनच द्या. त्याच फोल्डरात बॅकअपची झिप ठेवलेली असते, तीही हलवा.

लॉगिननंतरचा सेशन क्रमांक म्हणजे दिवसभराचा पास. तो लॉगिनच्या क्षणी नव्याने काढा. कुकीवर सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली आणि सेमसाइट ही तिन्ही बंधनं घाला. पासवर्ड बदलला की त्या खात्याचे बाकीचे सगळे सेशन मोडा. पासवर्ड बदलाची लिंक १२८ बिटांच्या यादृच्छिक आकड्याची, अर्ध्या तासाची, एकदाच चालणारी, आणि डेटाबेसमध्ये तिचा हॅशच. साधं रँडम फंक्शन इथे वापरू नका, त्याचे पुढचे आकडे ओळखता येतात. पीएचपीत रँडम-बाइट्स, पायथनमध्ये सीक्रेट्स आहे.

---

रामबागकर (धागाकर्ता)

पूर्ण सहमत. आता रकान्यांच्या एन्क्रिप्शनकडे येऊ. सर्व्हर भाड्याने देणारे "डिस्क एन्क्रिप्टेड आहे" म्हणतात. ते कोणी डिस्क उचलून नेली तर कामाचं. सर्व्हर चालू असताना डिस्क उघडलेलीच असते, आणि वेबसाइटच्या भोकातून आत शिरलेल्याला सगळं साधं दिसतं. त्यासाठी मोबाइल, पत्ता, जन्मवेळ हे रकाने ॲपमध्येच, म्हणजे साइटच्या कोडमध्येच, एन्क्रिप्ट करून मग डेटाबेसला द्यायचे.

@दांडियाबाजार, तुम्ही यावर लिहाल का?

---

दांडियाबाजार (बडोदा)

लिहितो.

एईएस-२५६, जीसीएम मोड. नुसतं एईएस म्हणून भागत नाही. ईसीबी मोडमध्ये सारख्या मजकुराचं उत्तर सारखंच येतं, म्हणजे किल्ली नसतानाही कोणत्या दोन नोंदींचं गोत्र एक आहे हे दिसतं. जीसीएम मजकूर झाकतं आणि कोणी फेरफार केला तर उलगडायला नकार देतं.

साठवण अशी: १ बाइट किल्लीचा क्रमांक, १२ बाइट नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), मग झाकलेला मजकूर, शेवटी १६ बाइटांचा टॅग (फेरफार ओळखायची खूण). १० आकडी मोबाइलचे होतात ३९ बाइट, बेस-६४ केलं तर ५२ अक्षरं. रकान्याची रुंदी त्या हिशेबाने ठरवा. कच्चे बाइट ठेवायचे तर रकाना बायनरी हवा, मजकुराच्या रकान्यात ते बिघडतात.

नॉन्स दर वेळी नवा, यादृच्छिक. एकाच किल्लीखाली तोच नॉन्स दोनदा वापरला गेला तर दोन्ही मजकुरांतला संबंध उघडा पडतो आणि खोटा टॅग बनवण्याची वाटही मिळते. जीसीएमला ही एक चूक सोसत नाही. कोडमध्ये नॉन्स म्हणून १२ शून्यं लिहिलेली सापडली तर काम तिथेच थांबवा.

जोड-मजकूर (झाकला जात नाही, पण टॅगच्या हिशेबात धरला जातो) म्हणून सभासद क्रमांक आणि रकान्याचं नाव द्या. नाहीतर डेटाबेसमध्ये हात घालता येणारा माणूस एकाचा झाकलेला मोबाइल दुसऱ्याच्या नोंदीत चिकटवेल, आणि किल्ली एकच असल्याने तो बिनबोभाट उलगडेल.

मग मोबाइलवरून शोधायचं कसं? झाकलेला रकाना दर वेळी वेगळा दिसतो. शेजारी एक शोध-रकाना करा, त्यात मोबाइलचा एचमॅक, वेगळ्या किल्लीने. साधा एसएचए-२५६ इथे चालत नाही: मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी क्रमांक, ते सगळे एका ग्राफिक कार्डावर काही सेकंदांत हॅश होतात. एचमॅक काढण्याआधी क्रमांक एकाच साच्यात आणा. +९१, सुरुवातीचा शून्य, मधली मोकळी जागा काढा, मराठी आकडे इंग्रजी करा, नाहीतर असलेला सभासद सापडणार नाही.

---

वर्गणीवही (इंदूर)

आणि आधारची प्रत? ती पीडीएफ तर पासवर्डवालीच असते ना?

---

लष्करवासी (ग्वाल्हेर)

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तुमच्या नोंदीत ही दोन्ही शेजारीच लिहिलेली आहेत. नसती तरी, नाव ठाऊक असलेल्याला फार तर शंभरेक सालं करून पाहायची. पद्धत कितीही भक्कम असो, किल्ली अंदाजाने निघत असेल तर ते झाकण आहे, कुलूप नाही.

प्रत घेऊच नका. ओळख पटवायची तर शेवटचे ४ आकडे दिसणारं मास्क्ड आधार बघा, "पाहिले" अशी तारखेसह नोंद करा आणि फाइल पुसा.

एक्सेलचंही सांगून ठेवतो, कारण यादी शेवटी तिथेच जाते. "शीट प्रोटेक्ट" हे एन्क्रिप्शन नाही. ती फाइल म्हणजे एक झिप आहे. उघडून आतली एक खूण काढली की संरक्षण गेलं. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड, ही वाट खऱ्या एन्क्रिप्शनची. सेव्हन-झिपमध्ये सेव्हन-झेड प्रकार निवडा आणि फाइलींची नावं झाकण्याच्या चौकटीवर खूण करा. पासवर्ड त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, फोनवर सांगा.

---

शिप्राकाठ (इंदूर)

किल्ली कुठे ठेवायची ते कोणी लिहिलं नाही अजून.

---

रामबागकर (धागाकर्ता)

कोडमध्ये नाही, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या व्यवस्थेत) नाही, डेटाबेसमध्ये नाही. गिटमध्ये एकदा गेली की फाइल पुसली तरी इतिहासात राहते, ती किल्ली गेली असंच धरायचं. परवडत असेल तर क्लाउडची किल्ली-व्यवस्था. लहान मंडळाला वेबच्या फोल्डरबाहेरची फाइल पुरते, फक्त ॲपच्या वापरकर्त्याला वाचता येईल अशी, हक्क ४००. डेटाबेसचा बॅकअप आणि किल्लीचा बॅकअप एकाच ड्राइव्हवर कधीही नको.

किल्ली हरवली तर डेटा गेला, कोणीही परत आणून देऊ शकत नाही. म्हणून कागदावर छापून दोन सीलबंद पाकिटं, एक अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे, आणि पदाधिकारी बदलले की पाकीट हस्तांतराची सही कार्यवृत्तात. वर्षातून एकदा कोऱ्या सर्व्हरवर बॅकअप आणि पाकिटातली किल्ली वापरून १० नोंदी उलगडून बघा.

ज्याच्याकडे किल्ली होती तो काम सोडून गेला तर नवी किल्ली काढा, क्रमांक २. नवं सगळं २ ने झाका. जुन्या नोंदी पहिल्या बाइटावरचा १ बघून जुन्या किल्लीने उलगडा आणि रात्री २००-२०० च्या तुकड्यांत २ ने झाकत जा. शोध-रकान्याची किल्लीही त्याच्या हाती होती, तेव्हा नवा एचमॅक वेगळ्या रकान्यात भरत न्या आणि तो पूर्ण भरल्यावर शोध तिकडे वळवा. किल्ली १ ची एकही नोंद उरली नाही याची खात्री करा, पण ती फेकू नका. जुने बॅकअप तिनेच उघडतात. ते बॅकअप मुदत संपून पुसले गेले, की त्या दिवशी किल्ली १ नष्ट करा आणि तारीख लिहून ठेवा.